पहिलो फवारो

माझ्या नवऱ्याने देवाशी जेवढ्या गप्पा मारल्या, त्याच्या पावपट माझ्याशी मारल्या असत्या तरी आमचा संसार फार सुखाचा झाला असता. गावाच्या वतीने देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराण्याकडे आहे. सासरे गेल्यावर तो काशीरामकडे आला. घरात 'मीठ दी' एवढंही धड न बोलणारा हा माणूस हातात नारळ घेऊन उभा राहिला की थांबत नाही. गावातल्या एकेका देवाचं, एकेका शिवेच्या राखणदाराचं नाव घेऊन मागणं मागतो आणि भोवतीची माणसं प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. तेवढ्या वेळात चुलीवर पेज होऊन निवतेसुद्धा.

तोंडावर मी त्याला 'तुमी' म्हणते, मनात 'तू' म्हणते. इथे मनातलं लिहिते आहे, म्हणून 'तो'च लिहीन. कोणाला खटकलं तर खटको. मी मथुरा, सरळ बोलायची मला सवय आहे आणि त्यापायी सासूबाईंची बोलणीही भरपूर खाल्ली आहेत.

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला, बांद्यापासून थोडं आत, लोखंडाच्या मातीची खाण आहे. काशीराम तिथे पोकलेन चालवतो. त्याचा चुलत भाऊ गंगाराम डंपरवर आहे. खाण पावसाळ्यात बंद असते आणि दसऱ्याला उघडते. उघडताना खाणीच्या तोंडाशी जो दगड मांडला आहे, त्याच्यापुढे गाऱ्हाणं होतं. डोंगर फोडायचा तर डोंगराच्या राखणदाराला विचारायला नको? कंपनीच्या साहेबांनाही हे पटलेलं आहे. निदान ते त्या दिवशी टिळा लावून घेतात.

धूळ बसावी म्हणून कंपनीने काही वर्षांपूर्वी एक यंत्र आणलं. मोठा पंखा, त्याच्या तोंडाशी बारीक बारीक तोट्या. पत्र्याच्या टाकीतलं पाणी त्यातून धुक्यासारखं लांबवर उडतं. त्याला सगळे तोफ म्हणतात. तोफ आली त्या वर्षी गाऱ्हाणं संपलं, पंपावरच्या बाबलीने बटण दाबलं आणि तोफेचं तोंड चुकून माणसांकडे होतं. सगळे नखशिखांत भिजले. पुढे त्या हंगामात खाणीत कोणाला साधं खरचटलंही नाही. झालं! दुसऱ्या वर्षीपासून गाऱ्हाणं झालं की पुरुषांनी तोफेसमोर ओळीने उभं राहायचं, डोळे मिटायचे आणि पहिला फवारा अंगावर घ्यायचा. गाऱ्हाणं घालणारा सगळ्यात पुढे. 'पहिलो फवारो चुकवूचो नाय' असं म्हणत गोव्यात कामाला गेलेली पोरंही त्या दिवशी मुद्दाम यायची. आमचा सिद्धेश तर वडिलांच्या शेजारी उभा राहायचा, कारण पुढे हा मान त्याच्याकडे यायचा होता. यंदा त्याला हॉटेलवाल्याने सुट्टी दिली नाही. त्या हॉटेलवाल्याला मी तेव्हा भरपूर शिव्या दिल्या होत्या, त्या आता परत घेते.

बायकांना फवारा नाही. आम्ही केळी-खोबऱ्याचा प्रसाद घेऊन लांब काजूच्या झाडाखाली उभ्या. दरवर्षी मी म्हणायची, देव काय फक्त पुरुषांचाच आहे का? यंदाही म्हटलं.

यंदा पाणी उडालं ते आधी तांबूस, मग हिरवट. जूनमध्ये खाण बंद झाली तेव्हा टाकी भरलेली होती ती तशीच राहिली होती. वर दसऱ्याचं ऊन. पाणी चांगलं कोमट झालं होतं आणि वास आमच्या झाडापर्यंत आला. पुरुष मात्र खूश. "गरम पाण्याची सोय केल्यानी कंपनीन!" असं कोणी तरी ओरडलं आणि सगळे हसले. पंपाजवळचा बाबली तर जागचा हललाच नाही. तोंड वर करून धुक्यात लहान पोरासारखा उभा राहिला.

काशीराम तेवढा हसला नाही. प्रसाद घ्यायला आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"काय झाला?" मी विचारलं.

"वयल्या शीमेच्या राखणदाराचा नाव ऱ्हवला," तो म्हणाला. गाऱ्हाण्याच्या मध्येच खालच्या रस्त्यावर कुठल्याशा ट्रकने कर्कश हॉर्न दिला होता आणि तेवढ्यात एक नाव सुटलं होतं. बाकी कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. गंगारामाच्या आलं होतं. तो पुढे येऊन हळूच म्हणाला, "दादा, एक ऱ्हवलो मरे." काशीरामने मान खाली घातली.

मी म्हटलं, "देवाक काय मोजणी करूक बसवलास काय? इतक्या नावांत एक गेला तर गेला." तो प्रसाद तसाच पंच्यात बांधून घराकडे चालू लागला. रात्री जेवलाही नाही.

पुढच्या आठवड्यात त्याला ताप भरला. भातकापणीचे दिवस, सगळ्यांचे पाय चिखलात. त्यामुळे आमच्याकडे ताप म्हटला की पहिलं नाव लेप्टो. गोळ्या सुरू झाल्या. ताप उतरेना. खोकला लागला, दम लागायला लागला, आणि तो भलतंसलतं बोलायला लागला. मला आई समजून म्हणाला, "आवशी, पोकलेन घरात कोणी हाडल्यान?" मी तशीच रिक्षा केली आणि त्याला ओरोसला मोठ्या इस्पितळात नेलं. तिथे खाटेवर पडल्या पडल्या त्याने नर्सबाईला हात जोडले आणि गाऱ्हाणं सुरू केलं. ती बिचारी घाबरून मला विचारते, "काकी, मी काय म्हणू?" मी म्हटलं, "व्हय म्हाराजा म्हण बाय, नाय तर तो थांबूचो नाय." हसायची वेळ नव्हती, पण हसले. मग बाहेर जाऊन रडले.

डॉक्टर अनुजा म्हणून एक तरुण बाई होत्या. रक्तात लेप्टो निघाला नाही, मलेरिया निघाला नाही. छातीच्या फोटोत फुफ्फुसं पांढरी दिसत होती. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि मला एकेक विचारायला लागल्या. काम कुठे करतात? पाणी कुठलं पितात?

"घरच्या विहिरीचं," मी सांगितलं. "खाणीतल्या पाण्याचा एक थेंब पीत नाहीत. घरून बाटल्या नेतात."

"आंघोळ? पाण्याचे तुषार अंगावर उडतात असं काही?"

मी फवाऱ्याचं सांगितलं. त्यांचं पेन थांबलं. आणखी कोणाला ताप आहे का, असं त्यांनी विचारलं, आणि मला एकदम आठवलं की बाबली कामावर गेला नाही आणि खाणीतलाच प्रीतमही दोन दिवस घोंगडं घेऊन पडला आहे. त्यांनी लघवी तपासणीसाठी बाहेर पाठवली. उत्तर आलं तेव्हा त्यांनी मला बाजूला बोलावलं.

"लिजिओनेला नावाचे जंतू आहेत. साचलेल्या कोमट पाण्यात, टाकीतल्या आणि पाइपातल्या बुळबुळीत थरात वाढतात. ते पाणी प्यायलं तर सहसा काही होत नाही. त्याचं धुकं श्वासावाटे आत गेलं की फुफ्फुसाला धरतात. आजार एकाकडून दुसऱ्याला जात नाही. त्या टाकीपासून मात्र सगळ्यांना होऊ शकतो."

आम्ही पाणी पिण्याचं एवढं जपलं आणि ते नाकातून आत शिरलं. हे कोणाच्या डोक्यात येणार?

औषध बदललं तसा ताप उतरायला लागला. पण बाबलीने ताप अंगावर काढला होता. बायकोने सांगितलं तर म्हणे, "फवारो घेतलंय, माका काय जाता?" त्याला ओरोसला आणला तेव्हा फार उशीर झाला होता. काशीरामच्या खाटेपासून तिसऱ्या खाटेवर तो गेला. काशीरामला आम्ही सांगितलं नव्हतं, पण पडद्याखालून त्याला बाबलीच्या बायकोचे पाय दिसले, तिचा हंबरडा ऐकू आला आणि त्याला कळलं. त्या दिवसापासून त्याने बोलणंच सोडलं. डॉक्टर म्हणत, तब्येत सुधारते आहे. मला मात्र तो आतून मिटत चाललेला दिसत होता.

बाबलीच्या बाराव्याआधीच गावात देवळात बैठक बसली. मी कपडे न्यायला घरी आले होते, तेव्हा गंगारामाची बायको शेवंती सांगायला आली. काशीरामच्या गाऱ्हाण्यात चूक झाली, राखणदार कोपला, म्हणून हे झालं. मग उपाय काय? येत्या सोमवारी पुन्हा गाऱ्हाणं. ते गंगारामाने घालायचं. आणि नारळ फुटला की पुन्हा पहिला फवारा, सगळ्यांनी, पहिल्यासारखा.

माझ्या हातातली पिशवीच पडली. "त्याच टाकीतल्या पाण्याचो?"

"मगे आणि खंयच्या?" शेवंती म्हणाली. ती वाईट बाई नाही. तिलाही भीतीच वाटत होती, फक्त वेगळ्या गोष्टीची.

मी तशीच खाणीच्या ऑफिसात गेले. तिथला सुपरवायझर निकेत कुडाळचा, पोरगा सज्जन आहे. डॉक्टर अनुजांचा फोन ऑफिसात येऊन गेला होता, हे त्याने कबूल केलं.

"काकी, टाकीत ब्लिचिंग पावडर टाकली आहे आम्ही," तो म्हणाला.

"वरून टाकलीत. पाइपात कोण शिरलं होतं?"

त्याने टेबलावरचे कागद सारखे केले. मग म्हणाला, "तपासणीला माणसं येणार आहेत. तोवर तोफ बंद ठेवायची तर धूळ उडणार, म्हणजे खाणच बंद ठेवावी लागेल. मॅनेजरसाहेब तयार नाहीत. आणि सोमवारचं तुमच्याच माणसांनी मागितलंय. आम्ही नाही म्हटलं तर कंपनीने देवाचा अपमान केला असं होईल."

कंपनीला आमच्या देवाची एवढी काळजी वाटलेली मी पहिल्यांदाच बघितली. "तुमचे मॅनेजर उभे राहणार का फवाऱ्यात?" मी विचारलं. निकेतने खिडकीबाहेर बघितलं.

मग गंगारामाकडे गेले. तो अंगणात भाताचे भारे रचत होता. तोंडात विडी, मध्येच खोकत होता. मी डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, उलट बोलला नाही. शेवटी विडी विझवून म्हणाला, "वैनी, रागवा नको. तुमी दादाक वाचवूक बघतास. मी तुमच्या जाग्यार आसतंय तर मी पण ह्याच केलं आसतंय. पण चूक झाली ती झाली. पाण्याक दोष देवन ती धुवन जावची नाय."

मी खरं बोलत होते, पण मी बायको होते. माझ्या तोंडून खरं निघालं की ते नवऱ्याचं वकीलपत्र ठरत होतं. डॉक्टरांना फोन लावून देते म्हटलं तर म्हणाला, "डॉक्टरीण शिकलेली आसा, पण तिका वयली शीम खंय ठावक आसा?" निघताना मी एवढंच म्हटलं, "भावजी, तुमी तरी पुढे उभे ऱ्हवा नको." तो हसला. "गाऱ्हाणा घालणारोच पुढे नाय तर कोण ऱ्हवतलो?"

ओरोसला परतले तेव्हा काशीराम उशीला टेकून बसला होता, नाकात ऑक्सिजनची बारीक नळी. मी सगळं सांगून टाकलं. लपवायचा स्वभाव नाही माझा.

"अवो, तुमी फोन करा गंगारामाक. सांगा सगळ्यांका. पाण्यान झाला, तुमच्यान नाय."

त्याने नाकातली नळी सारखी केली. मग म्हणाला, "नाव माझ्याच तोंडातसून ऱ्हवला ना?"

"मगे डॉक्टरीण खोटा बोलता?"

"ती कित्याक खोटा बोलात? पण मी सांगूक गेलंय तर लोक म्हणतले, काशीराम आपलो मान वाचवता. बाबली गेलो आणि हो मान धरून बसलो." एवढं बोलतानाही त्याला दोनदा थांबावं लागलं. "आणि खरा सांगू? माझा माकाच कळणा नाय. रातीक बाबली दिसता. माका वाटता, नाव घेतलंय आसतंय तर..."

इथे माझा तोल गेला. वॉर्डात माणसं होती, तरी गेला.

"एक नाव ऱ्हवला म्हणान बाबलीक नेणारो आसा तुमचो देव? येवढो हलको? मगे तेका नारळ कित्याक देतास? तेच्यापेक्षा आमचो सावकार बरो! इतकी वर्षा तेच्या म्होरे उभे ऱ्हवतास आणि तुमका तेची वळख इतकीच?"

त्याने डोळे मिटून घेतले. मी बोलले आणि लगेच वाईट वाटलं. आजारी माणसाला असं बोलतात का? त्याच्या पायावर पांघरूण ओढलं आणि तिथेच बसून राहिले. माझा नवरा देवाला घाबरून मरायला टेकला होता आणि दुसरीकडे गंगारामासकट सगळी वाडी त्याच पाण्यात परत न्हायला निघाली होती. मला दोघांनाही गदागदा हलवावंसं वाटत होतं. पण सोमवार परवावर आला होता.

संध्याकाळी डॉक्टर अनुजा फेरीला आल्या. काशीरामने स्वतःहून डोळे उघडले आणि शाळेत बोलावं तसं जपून विचारलं, "बाई, समजा कोणी परत तो फवारा घेतला, तर?"

"टाकी आणि पाइप नीट साफ झाले नसतील तर पुन्हा होऊ शकतं. विडी ओढणाऱ्याला, आधीच खोकला असलेल्याला जास्त धोका."

त्या पुढच्या खाटेकडे गेल्या. काशीराम माझ्याकडे बघत होता.

"गंगाराम अजून विडी ओढता?"

"ओढता. खोकताही."

"ल्हानपणापासून तेची छाती नाजूक," तो म्हणाला. "काकी तेका थंडीत पाण्यात सोडी नाय." मग तो भिंतीकडे कुशीवर वळला. मला वाटलं झोपला. तेवढ्यात म्हणाला, "सोमवारी तू फोन घेवन थंय जा. नारळ फुटाच्या आदी. मोठ्या आवाजार ठेव."

मला इतका आनंद झाला! म्हटलं, आता हा सगळ्यांना सुनावणार. पाण्याचं सांगणार, आपल्यावरचा डाग पुसणार. सोमवारी नणंदेला त्याच्याजवळ बसवून मी पहिल्या एसटीने निघाले.

खाणीवर पोचले तेव्हा सगळे जमले होते. गंगाराम धुतलेलं धोतर नेसून दगडापुढे उभा, हातात नारळ. बाबलीच्या जागी पंपाजवळ प्रीतम, अजून अशक्तच. तोफेचं तोंड माणसांकडे फिरवलेलं. निकेत आणि मॅनेजरसाहेब टिळा लावून ऑफिसच्या पायरीवर, तोफेपासून चांगले लांब. काजूखाली बायका, त्यात पांढऱ्या कपाळाची बाबलीची बायको.

मी सरळ पुरुषांत शिरले. "भावजी, तुमचे दादा बोलतले."

कुजबुज झाली. गंगारामाच्या कपाळाला आठी पडली, पण नारळ फुटेपर्यंत मान काशीरामचाच होता, त्याला नाही कसं म्हणणार? मी फोन दगडाजवळ ठेवला आणि आवाज मोठा केला. आधी नुसता श्वास ऐकू आला, करवतीसारखा. मग खोकला. मग तो बोलला.

"बा देवा म्हाराजा..."

गाऱ्हाणं! मला वाटलं होतं तो गंगारामाशी बोलेल. तो देवाशीच बोलायला लागला. सगळ्यांचे हात आपोआप जुळले.

"बारा पाचाच्या म्हाराजा, वयल्या शीमेच्या, सकयल्या शीमेच्या राखणदारा... मी खाटेवयना बोलतंय, ता मानून घी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"दसऱ्याक माझ्या तोंडातसून नाव ऱ्हवला. ती चूक माझी. गावाची नाय, बाबलीची नाय. ती माका पोटात घाल रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे जोराने म्हणाले. मी दात आवळले. हेच सांगायला मला पाठवलं होतं का? ह्याच्यासाठी मी एसटीत उभी आले?

पुन्हा श्वास. मागून नणंदेचं 'दादा, पुरे' ऐकू आलं.

"पण म्हाराजा, टाकीतला पाणी चार म्हयने कुसला. ता तुया नाय कुसवलंस, आमी कुसवला. त्या कुसक्या पाण्याचो फवारो आमी तुझ्या नावान अंगार घेतलो. तुका इचारूक नाय, डॉक्टराक इचारूक नाय. तेतूर बाबली गेलो. ती चूक आमची सगळ्यांची, कंपनीसकट... ती पदरात घी रे म्हाराजा."

इथे आवाज कमी आले. माणसं एकमेकांकडे बघत होती. कोणी तरी पुटपुटलं, कोणी गप्प राहिलं. त्याला फोनवर ते ऐकू गेलंच असणार. त्याचा श्वास वाढला.

"टाकी रिती होवंदे, घासान होवंदे, पायपी धुवन होवंदेत. डॉक्टरांची माणसा येवन बघून जावंदेत. तवसर जो कोण तोफ फिरवीत, तेका तुझी आण आसा रे म्हाराजा."

आता कोणीच बोललं नाही. प्रीतमने पंपावरचा हात काढून घेतला, एवढं मी पाहिलं. गंगाराम खाली बघत उभा होता. त्याच्या मनात काय चाललं होतं ते मला स्पष्ट दिसत होतं: दादा मान वाचवतो आहे. मलाही क्षणभर वाटलं, संपलं, आता ऐकत नाहीत.

"आणि म्हाराजा," काशीराम म्हणाला, आता एकेक शब्द सुटा येत होता, "आजपासून ह्यो मान... गंगारामाचो. माझो नाय, माझ्या झिलाचो नाय. मी सोडलंय. तेच्या तोंडात तुझी सगळी नावा ऱ्हवंदेत. तेच्या छातीत दम ऱ्हवंदे... मी मान राखूक बोलाक नाय. माका माझी माणसा राखूची आसत रे म्हाराजा."

सासऱ्यांच्या आज्यापासून चालत आलेला मान! सिद्धेशला न विचारता, मला न विचारता, एका फोनवर देऊन टाकला. फोन उचलून डोंगराखाली फेकावा इतका राग आला. आणि त्याच रागात मला कळलं, की दुसरं काहीही त्याने दिलं असतं तरी ह्या माणसांनी त्याचं ऐकलं नसतं.

गंगारामाचे ओठ हलत होते.

"व्हय म्हाराजा," तो म्हणाला.

मग प्रीतम म्हणाला. मग काजूखालून बाबलीची बायको म्हणाली, आणि तिच्या आवाजानंतर गप्प राहायची कोणाची छाती झाली नाही. सगळा डोंगर 'व्हय म्हाराजा' म्हणाला. निकेत म्हणाला. सगळे पायरीकडे बघायला लागले तेव्हा मॅनेजरसाहेबांनी डोक्यावरची टोपी काढली आणि शुद्ध मराठीत "होय महाराजा" म्हणून टाकलं. देवाच्या आणेचं काय करायचं हे त्यांच्या वरच्या साहेबांनी त्यांना शिकवलेलं नसावं.

गंगारामाने स्वतः जाऊन तोफेचं तोंड दरीकडे फिरवलं आणि पंपाची वायर काढून निकेतच्या हातात दिली. सगळ्यांना लांब सरायला सांगितलं, तोंडाला पंचा बांधला आणि टाकीच्या बुडाचा व्हॉल्व्ह सोडला. बुडाशी साचलेलं काळपट हिरवं पाणी चरातून खाली वाहत गेलं. त्याच्या वासाने माणसांनी नाकं धरली. कोणी हसलं नाही.

मग तो दगडापुढे परत आला. नारळ हातात घेतला. त्याला पाठ केलेलं काही आठवेना. सगळे थांबले होते.

"बा देवा म्हाराजा," तो म्हणाला, "माका दादासारख्या बोलूक येणा नाय. माझा मागणा एकच आसा. माझ्या दादाक बरो करून घराक हाड रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

मलाही म्हणायचं होतं. इतकं म्हणायचं होतं, पण जमलं नाही. तोंडावर पदर धरून मी तशीच उभी राहिले. फोन दगडाजवळ चालूच होता, ते सगळे विसरले होते. बाकीच्यांचे आवाज थांबले आणि त्यातून, दम खात, सगळ्यांच्या मागाहून काशीराम म्हणाला, "व्हय म्हाराजा."